डावीकडे अडीच फेऱ्या

बसण्याआधी मुसे डावीकडे अडीच फेऱ्या घ्यायचा.
दोन नाही, तीन नाही. अडीच.
मग मागचे पाय एका बाजूला टाकून असा बसायचा
जसा मासळीबाजार उठल्यावर
एखादा म्हातारा रिकाम्या खोक्यावर बसतो.

आता ते पाचजण घेतात.
पाच पिंजरे, पाच पाट्या, पिवळसर अंग तेच,
नाकाच्या डाव्या कडेला तोच तिळाएवढा डाग
(दोघांचा डाग जरा वर आहे, पण ते मलाच दिसतं).
पहाटे योंगजोंग बेटावर धुकं असतं,
ओहोटीच्या चिखलाचा वास धावपट्टी ओलांडून येतो,
मी दिवा लावते
आणि पाच जबडे एकामागोमाग जांभई देतात.

देजॉनहून एक बाई आल्या, प्यो सन-ओक नावाच्या,
कॅमेरा, घड्याळ आणि रकान्यांचे कागद घेऊन.
आत येताना चांगले बूट बाहेर काढून ठेवले,
म्हणून मला आवडल्या.
त्यांनी अचानक छत्री उघडली:
पाचही मागे सरले, पाचही मग वास घ्यायला पुढे आले.
चौथा दोन सेकंद उशिरा.
ते दोन सेकंद त्यांनी नीट लिहून घेतले.
गुंडाळलेला टॉवेल कपाटाखाली सरकवला:
पाचही आधी उजवा पंजा,
मग माझ्याकडे एक तक्रारखोर नजर.

"खाण तशी माती," चू मान-हो म्हणाला,
बार्लीचा चहा फुंकत. त्याला सगळं सोपं असतं.

त्या गेल्यावर मी एक परीक्षा घेतली
जी कुठल्याच रकान्यात नव्हती.
मुसे स्टीलच्या झाकणाला घाबरायचा.
पहिल्या हिवाळ्यात माझ्याच बधिर बोटांतून
ते त्याच्या कानाशी पडलं होतं,
आणि मग बारा वर्षं,
सामानाच्या पट्ट्यावर हजार बॅगा हुंगणारा,
विमानांच्या गडगडाटात घोरणारा तो कुत्रा
भांडं वाजलं की माझ्या पायांमागे यायचा.

एकेकाच्या पिंजऱ्यात जाऊन मी झाकण टाकलं.
पहिला जेवत राहिला.
दुसरा जेवत राहिला.
तिसऱ्याने झाकण चाटलं.
चौथा, पाचवा,
काही नाही.
मी तिथेच उकिडवी बसून राहिले.
काय ऐकायला आले होते मी?
कुणी घाबरावं म्हणून कुणी वाट बघतं का?

वसंतात प्यो बाईंनी चित्रीकरण दाखवलं,
पडद्याचे पाच तुकडे करून, शेजारी शेजारी.
"बघा ना, किती सारखे!"
मी बघत होते त्या बाईकडे.
पाचही चौकोनांत ती डाव्या गुडघ्यावर हात ठेवून वाकते,
उठताना तोच सुस्कारा,
टॉवेल मागताना त्याच चढ्या आवाजात "दे, दे की रे",
आणि दार लावून झाल्यावर
कडी पुन्हा एकदा हलवून बघते.
पाच वेगळ्या दिवशी.
एकदा तर माझा ताप उतरलेला नव्हता,
एकदा आदल्या रात्री धाकट्या भावाचा फोन आला होता, घर विकल्याचा.
कुठे दिसत नव्हतं ते.
हिचे तक्ते कुणी केले नाहीत, म्हणून बरं.

"काय वाटतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, केस पांढरे झालेत माझे, मागून.

मुसेचं नाव मी त्यांच्यासमोर कधी घेत नाही.
फक्त एकदा, चुकून, पाणी भरताना तोंडातून गेलं.
पाच माना एकाच कोनात कलल्या,
त्याचा कोन, हुबेहूब.
ते तर कुठल्याही नव्या शब्दाला तसेच कलतात,
तरी नळ बंद करायला मला वेळ लागला.

काल रात्री पाचव्याने तीन फेऱ्या घेतल्या.
कदाचित मी मोजायला चुकले असेन.
कदाचित अंथरूण ओलं होतं.
नोंदवहीत त्या तारखेपुढे मी लिहिलं:
नेहमीप्रमाणे.
झाकण अजून त्याच्याकडेच आहे.
रात्रभर ते तो पंज्याने फरशीवर सरकवत असतो,
खर्र, खर्र,
आणि इथे भिंतीपलीकडे
दचकते मी.